श्रीमंत कोण?



लूकच्या शुभवर्तमानातील (१२:१६-२१) धनवान शेतकऱ्याचा दाखला आपल्या परिचयाचा आहे. पीक भरघोस आले, म्हणून तो मोठी कोठारे बांधायला निघाला. त्याच्या बोलण्यात ‘माझे’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. देवाची आठवण नाही, शेजाऱ्याचीही नाही. पीक चांगले आले हा त्याचा दोष नव्हता. मिळालेले दान त्याने एकट्याचे मानले, हा दोष होता.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटेसे गाव. तेथे ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने होतात. वनहक्क कायद्याखाली २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ पासून तेथील बांबू ग्रामसभा स्वतः विकू लागली. २०१३ मध्ये गावकऱ्यांनी आपल्या खासगी जमिनीही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरवले. कसायचे ज्याचे त्यानेच, पण बाहेरच्याला परस्पर विकायचे नाही. प्रेषितांची कृत्ये ४:३२ वाचताना मला हे गाव आठवते.

याचा अर्थ दारिद्र्य चांगले असा नव्हे. औषधावाचून मूल दगावणे हा अन्याय आहे; त्याला साधेपणा म्हणू नये. मेंढावासीयांनाही हक्कासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. पण जंगल हिरवे, शेजारी सोबत आणि निर्णय आपल्या हाती, हीसुद्धा संपत्तीच आहे. ती सातबाऱ्यावर दिसत नाही, एवढेच.

आता आपल्या वसईकडे पाहू. वाडी विकून पैसा आला, बावखले बुजली, विहिरीचे पाणी मचूळ झाले. हद्दीच्या हातभर जागेसाठी सख्खे भाऊ कोर्टात उभे आहेत आणि रविवारी मिस्सेला वेगवेगळ्या बाकांवर बसतात. मग गरीब कोण?

जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे पाहुणे आहात, असे देव लेवीय २५:२३ मध्ये इस्राएलला बजावतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही ‘लाउदातो सी’ (२०१५) या परिपत्रकात सांगितले की, आदिवासींसाठी भूमी ही विक्रीची वस्तू नसून देवाची व पूर्वजांची देणगी आहे.

कुटुंबात चिंतनासाठी:
१. आपल्या घरात ‘माझे’ कशाला म्हणतात आणि ‘आपले’ कशाला?
२. जागेवरून कोणाशी बोलणे तुटले आहे का? पहिले पाऊल कोण टाकणार?
३. मुलांसाठी आपण पैशाशिवाय काय मागे ठेवणार?

प्रभू आपणांस देवाच्या दृष्टीने धनवान करो.

– तुमचे प्रमुख धर्मगुरू