चाचणीपूर्वी सर्व्हर आपोआप सुरू करणे : ग्रंटवरील एक पाठ

जावास्क्रिप्टच्या पानाची चाचणी घ्यावयाची असल्यास ते पान बहुधा सर्व्हरमार्फत उघडावे लागते. आपण शाळेच्या वेळापत्रकाचे एक पान उदाहरणादाखल घेऊ. तासांची माहिती एका वेगळ्या जेसन फाइलमध्ये आहे. पान ती मागवते व तक्ता भरते. हे पान फाइलवर दोनदा क्लिक करून उघडल्यास तक्ता रिकामा राहतो. अशा रीतीने उघडलेल्या पानाला शेजारची फाइल वाचू देण्यास आजचे प्रमुख ब्राउझर सुरक्षिततेस्तव नकार देतात. तेच पान स्थानिक सर्व्हरमार्फत उघडले की तक्ता भरतो.

म्हणून एका खिडकीत सर्व्हर हाताने सुरू करावयाचा आणि दुसऱ्या खिडकीत चाचणी चालवावयाची, अशी रीत पडते. सर्व्हर सुरू करण्याचे राहून गेले, तर चाचणी अपयशी ठरते. त्यात फारशी हानी नाही. खरी हानी होते ती जुना सर्व्हर चालूच राहिल्याने. काल प्रकल्पाच्या जुन्या प्रतीच्या फोल्डरमधून सुरू केलेला सर्व्हर त्याच पोर्टवर ठाण मांडून बसलेला असेल, तर आजची चाचणी त्या जुन्या फाइलींवर चालते आणि यशस्वी ठरते. अशी खोटी ग्वाही देणाऱ्या चाचणीपेक्षा चाचणी नसलेली बरी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ठरलेली कामे ठरलेल्या क्रमाने करून घेणाऱ्या साधनास टास्क रनर म्हणतात. बेन अल्मन यांनी २०१२ मध्ये पुढे आणलेला ग्रंट हा त्यांपैकी एक. त्यानंतर गल्पसारखी साधने आली. तथापि सर्व्हर आणि चाचणी यांचा संबंध समजून घेण्यास ग्रंट आम्हांस अधिक सोयीचा वाटतो. त्याच्या ‘कनेक्ट’ या जोडसाधनाने छोटा सर्व्हर उभा राहतो. ग्रंटफाइलमध्ये ‘टेस्ट’ नावाचे कार्य नोंदवावे व त्यात प्रथम ‘कनेक्ट’, मग ‘क्युनिट’ अशी दोन उपकार्ये लिहावीत. क्युनिटला पानाचा फाइल-मार्ग न देता लोकलहोस्ट व पोर्ट ८००० असलेला पत्ता द्यावा. यापुढे एकच आज्ञा पुरते.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. सर्व्हर खरोखर ऐकू लागल्यावाचून ‘कनेक्ट’ आपले काम संपल्याचे कळवीत नाही. त्यामुळे चाचणी घाईने आधी सुरू होत नाही. आणि हा सर्व्हर ग्रंटच्याच प्रक्रियेत राहतो. कामे संपली अथवा चाचणी मध्येच अपयशी ठरून ग्रंट थांबला, की तोही जातो. मागे काही उरत नाही.

‘कीपअलाइव्ह’ हा पर्याय दिसला की अनेकांना तो उपयुक्त वाटतो. चाचणीच्या कार्यात तो वापरू नये. तो लावला की ग्रंट सर्व्हरपाशीच थांबून राहतो आणि क्युनिटची पाळीच येत नाही.

पोर्ट आधीच व्यापलेले असल्यास ‘कनेक्ट’ त्रुटी दाखवून थांबतो. हे थांबणे आम्हांस मोलाचे वाटते, कारण वर सांगितलेला जुना सर्व्हर येथेच पकडला जातो. मोकळे पोर्ट आपोआप शोधण्याचाही पर्याय आहे. परंतु तो निवडून क्युनिटचा पत्ता मात्र ८००० वरच ठेवला, तर नवा सर्व्हर ८००१ वर उभा राहील आणि चाचणी पुन्हा जुन्याकडेच जाईल. सर्व्हर सुरू होताच ‘कनेक्ट’ प्रत्यक्ष पोर्टचा क्रमांक घोषित करतो. तो ऐकून क्युनिटचा पत्ता त्यानुसार बदलावा.

सर्व्हर पीएचपीसारख्या अन्य भाषेतील असेल, तर त्याची वेगळी प्रक्रिया सुरू करावी लागते. ही प्रक्रिया सुरू झाली म्हणजे सर्व्हर तयार झाला, असे नव्हे. उत्तर मिळेपर्यंत थोड्या थोड्या अवधीने विनंती पाठवून पाहावी व मगच चाचणीस हात घालावा. ही प्रक्रिया ग्रंटबरोबर संपेलच याची खात्री नसते. चाचणी अपयशी ठरली तरी ती बंद होईल, अशी तजवीज ग्रंटफाइलमध्ये स्वतंत्रपणे करावी लागते.