फी भरण्याआधी सबनेटिंग करून पाहा

दहावी-बारावीचा निकाल लागला की जठारपेठेतल्या अनेक घरांत एकच विषय असतो : आता पुढे काय? त्यातच नेटवर्किंगच्या कोर्सची जाहिरात हाती पडते आणि काळजीपोटी आई-वडील फी भरायला निघतात. पालकहो, त्याआधी मुलाला किंवा मुलीला पंधरा दिवस सबनेटिंगची गणितं सोडवू द्या. वही-पेन्सिल पुरते, आणि या कामात मन रमेल का, हेही बरंचसं कळतं.

गणित आहे तरी काय?

नेटवर्कमधल्या प्रत्येक संगणकाला आयपी पत्ता लागतो. १९८१ साली ठरलेल्या आयपीव्ही४ पद्धतीत तो ३२ बिटांचा असतो. त्यामुळे जगभरात मिळून पत्ते सुमारे ४२९ कोटीच. ते पुरणार नाहीत हे दिसू लागल्यावर १९९६ साली संस्थांच्या आतल्या वापरासाठी काही खासगी पत्ते राखून ठेवले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच.

शेताचा ले-आउट पाडताना गरजेप्रमाणे लहान-मोठे प्लॉट आखतात, तसे या पत्त्यांचे गट पाडणं म्हणजे सबनेटिंग. हिशेबाचं काम आणि मुलांची लॅब वेगळ्या गटांत ठेवली, तर त्यांच्यामध्ये कोणती माहिती जाऊ द्यायची यावर नियंत्रण ठेवता येतं. बिघाड कुठे आहे तेही लवकर सापडतं.

एक उदाहरण

समजा, एका कॉलेजला १९२.१६८.१०.०/२४ हा २५६ पत्त्यांचा गट मिळाला आहे (/२४ म्हणजे पत्त्याच्या ३२ बिटांपैकी पहिले २४ त्या गटासाठी ठरलेले). एका लॅबमध्ये ६० संगणक, दुसरीत २८ आणि ऑफिसात १२ आहेत. गट २, ४, ८, १६, ३२, ६४ अशाच आकाराचे पडतात. प्रत्येक गटातला पहिला पत्ता नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणून ते दोन संगणकांना देता येत नाहीत. सर्वांत मोठी गरज आधी भागवायची.

- ६० संगणक : /२६, पत्ते ० ते ६३, वापरण्याजोगे ६२
- २८ संगणक : /२७, पत्ते ६४ ते ९५, वापरण्याजोगे ३०
- १२ संगणक : /२८, पत्ते ९६ ते १११, वापरण्याजोगे १४

११२ पासून पुढचे १४४ पत्ते शिल्लक राहतात. दुसऱ्या लॅबमध्ये नेमके ३० संगणक असते तर? नवखा विद्यार्थी /२७ च देईल. पण गटाला बाहेरच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या राउटरलाही एक पत्ता लागतो, म्हणजे ३१ झाले. गट /२६ चाच घ्यावा लागेल. असा विचार आपसूक सुचू लागणं ही या कामाची खरी पात्रता.

आता हे स्वतः सोडवा : १७२.१६.३७.२००/२० हा पत्ता कोणत्या गटातला? तिसऱ्या आकड्यात गट १६-१६ च्या टप्प्याने पडतात, म्हणून १७२.१६.३२.० ते १७२.१६.४७.२५५.

पुढचे रस्ते

दहावीनंतर आयटीआयमध्ये संगणक हार्डवेअर व नेटवर्कशी संबंधित ट्रेड असतात. पॉलिटेक्निकमध्ये तीन वर्षांचा संगणक डिप्लोमा करता येतो आणि त्यानंतर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. त्यामुळे बारावीत अडखळलेल्या मुलांचंही दार बंद झालेलं नसतं.

सिस्को कंपनीच्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या प्रमाणपत्राला या क्षेत्रात मान आहे. त्याची परीक्षा फी ३०० डॉलरच्या घरात असून प्रमाणपत्र तीन वर्षं टिकतं. म्हणून घाईने परीक्षेला बसवू नका. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात राउटर, स्विच जोडून घरबसल्या सराव होतो.

पालकांसाठी

नोकरीची हमी देणाऱ्या क्लासला दोन प्रश्न विचारा : प्रत्यक्ष राउटर-स्विचवर किती तास सराव मिळेल? गेल्या वर्षीचे विद्यार्थी आज कुठे काम करतात, त्यांच्याशी बोलता येईल का? उत्तर टाळलं, तर फीची पावती फाडू नका.

सुरुवातीचं काम बहुधा केबल ओढण्याचं, तक्रारी सोडवण्याचं, कधी रात्रपाळीचं असतं. त्यात कमीपणा मानू नका. पुढे नेटवर्क आखणारे अनेक जण याच कामातून शिकून वर आले आहेत.

विद्यार्थ्यांनो, रोज पाच गणितं घ्या आणि प्रत्येक उत्तर उलट ताळा करून तपासा. पंधरा दिवसांनी तुम्ही स्वतःच नवी गणितं रचू लागलात, तर कोर्सचा विचार जरूर करा. कंटाळा आला, तर तेही आई-बाबांना मोकळेपणाने सांगा. त्यांचे पैसे आणि तुमचं एक वर्ष, दोन्ही वाचतील.