जर-तरच्या वाक्यातील दोन काळ

'आईने मला शाळेत घातले नसते, तर आज मी शिक्षक नसतो.' या मराठी वाक्याच्या दोन्ही अंगांत 'नसणे'चेच रूप आहे. म्हणूनच आपले विद्यार्थी इंग्रजीत दोन्हीकडे 'वुड हॅव' योजतात. प्रमाण इंग्रजीत मात्र 'इफ'च्या अंगात असे 'वुड हॅव' चालत नाही.

सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले. 'इफ ही हॅड नॉट गॉट द स्कॉलरशिप, ही वुड नॉट हॅव गॉन दॅट इयर': येथे अट आणि परिणाम दोन्ही भूतकाळातील आहेत. आईविषयीचे वाक्य वेगळे. 'इफ मदर हॅड नॉट सेंट मी टू स्कूल, आय वुड नॉट बी अ टीचर टुडे.' अट तेव्हाची, म्हणून 'हॅड सेंट'. परिणाम आजचा, म्हणून 'वुड बी'. काळांची ही सरमिसळ चूक नव्हे, अर्थाचीच ती मागणी आहे. येथे 'टुडे' गाळून 'वुड नॉट हॅव बीन' म्हटले, तर नोकरी मागेच सुटली असे ऐकणाऱ्यास वाटू शकते. आणि मुलाखतीत तसे वाटणे परवडणारे नाही!

क्वचित क्रम उलटतो: 'इफ ही वेअर लेझी, ही वुड नॉट हॅव पास्ड.' स्वभाव आजचाही, निकाल मात्र मागचा.