भरतीचे गणित

मुलांनो, आपल्या सोलापुरात समुद्र नाही. आपल्याला पाणी माहीत आहे ते सिद्धेश्वर तलावाचे, हिप्परग्याच्या तलावाचे. ते सकाळी जेथे असते, तेथेच संध्याकाळी दिसते. समुद्राचे तसे नाही. हे मी पुस्तकात वाचले होते. पण शिकलो मात्र एका प्रवासात.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कोकणात निघालो. गाडी भाईजान चालवत होते. अम्मी, माझी पत्नी आणि मुले बरोबर होती. पंढरपूर, कऱ्हाड मागे टाकून आम्ही कुंभार्ली घाट उतरलो आणि चिपळूणमार्गे गुहागरला मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही जवळच्याच एका निर्जन किनाऱ्यावर पोहोचलो. ओली वाळू सडकेसारखी घट्ट होती. भाईजाननी गाडी थेट वाळूवर नेली. मी त्यांना अडवले नाही. अम्मींचे गुडघे दुखत होते, म्हणून त्या गाडीतच बसल्या. आम्ही शिंपले वेचत दूर गेलो.

दहाच्या सुमारास मागे पाहिले, तर लाटा गाडीच्या चाकांना लागत होत्या! आम्ही धावलो. भाईजाननी गाडी सुरू केली. पण चाके जागीच फिरून वाळूत रुतली. मुलांच्या ओरडण्याने जवळचे कोळी धावून आले. त्यांनी आधी अम्मींना उचलून बाहेर नेले. मग दोरखंड बांधून गाडी ओढली.

त्यांच्यातील एका वृद्ध चाचांनी मला विचारले, “मास्तर, आज चाँद कितवा?”

“चौदावा.”

“मग भरती किती वाजता?”

मी रोज मुलांना प्रश्न विचारतो. पण त्या दिवशी मीच निरुत्तर झालो. चाचा म्हणाले, “समुद्र चोर नाही, मास्तर. तो वेळ सांगून येतो. चाँदच्या तारखेत एक मिळवा, की तिथी येते. तिथीची पाऊणपट करा. तितक्या वाजता भरती पूर्ण होते.”

मी हिशेब केला. चौदा अधिक एक, पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा! हा अंदाज आपल्या किनाऱ्यावर बराचसा जुळतो. भरती मुख्यतः चंद्राच्या आकर्षणाने येते. दिवसातून साधारण दोनदा ती येते आणि रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते. अमावास्येला व पौर्णिमेला चंद्राला सूर्याची साथ मिळते, तेव्हा पाणी फार चढते. त्याला उधाण म्हणतात.

दुपारी धोपाव्याला आम्ही गाडीसह फेरीबोटीत चढलो आणि वाशिष्ठीची खाडी ओलांडून दाभोळला गेलो. आदिलशाहीच्या काळात हे मोठे बंदर होते. हजचे यात्रेकरू येथून जहाजाने जात. एक शाहजादी हजसाठी येथे आली, तिला पुढे जाता आले नाही, म्हणून तिने येथे मशीद बांधली, असे सांगतात. ती देखणी मशीद आजही उभी आहे.

परतताना भाईजाननी बोटीवरच्या खलाशाला पहिला प्रश्न केला, “आता भरती आहे की ओहोटी?”

मुलांनो, अनोळखी ठिकाणी गेलात, तर तुम्हीही आधी तेथल्या माणसाला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

शब्दार्थ : निर्जन – जेथे माणसे नाहीत असे, पाऊणपट – चार भागांपैकी तीन भाग, ओहोटी – समुद्राचे पाणी मागे जाणे.

स्वाध्याय
1. चाचांनी समुद्राला ‘चोर नाही’ असे का म्हटले?
2. चाँदच्या सातव्या तारखेला भरती सुमारे किती वाजता असेल?
3. ‘खलाशी’ व ‘बंदर’ यांसारखे उर्दूतही असलेले आणखी पाच मराठी शब्द लिहा.