उकिरड्यापासून उद्यानापर्यंत : एका शैक्षणिक सहलीची आखणी
(इयत्ता ५ वी ते ७ वी)

सहल म्हणजे केवळ करमणूक नव्हे. वर्गात शिकविलेला पाठ प्रत्यक्ष पडताळून पाहण्याची ती संधी होय. माती, नदी व सार्वजनिक स्वच्छता हे तिन्ही घटक एकत्र शिकविण्यास उपयुक्त असे स्थळ म्हणजे मुंबईचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान. शीव व वांद्रे यांना जोडणाऱ्या रस्त्यावर, धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी ते वसले आहे.

स्थळाची माहिती

विहार व पवई या तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन निघणारी मिठी नदी सुमारे १८ किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीस मिळते. खाडीजवळची ही जमीन पूर्वी शहराचा केरकचरा टाकण्याची जागा होती. १९७७ साली तेथे कचरा टाकणे थांबले व १९८३ साली वृक्षारोपणास आरंभ झाला. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांचा या कार्यास पाठिंबा लाभला. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने विकसित केलेले हे ३७ एकरांचे उद्यान २२ एप्रिल १९९४ रोजी जनतेस खुले झाले.

पूर्वतयारी

उद्यानाच्या कार्यालयाची आगाऊ परवानगी घ्यावी. सहलीपूर्वी दोन महिने शाळेच्या आवारात दोन खड्डे खणावेत. एकात पालापाचोळा, शेण व भाज्यांची साले पुरावीत. दुसऱ्यात प्लॅस्टिकची पिशवी, बाटलीचे झाकण व जुनी चप्पल पुरावी. दोन्हींवर सारखेच पाणी शिंपडावे व नोंदवहीत तारीख लिहावी.

शेतकऱ्याच्या उकिरड्याचे वर्षभरात खत होते, हे खेड्यातील मुलांस ठाऊक असते. शहराच्या कचऱ्याचे तसे का होत नाही, हा प्रश्न त्यांच्यापुढे मांडावा. त्यात न कुजणाऱ्या वस्तू पुष्कळ असतात. शिवाय ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही. तेथे कुजण्याच्या क्रियेतून ज्वालाग्राही वायू निर्माण होतो, जमीन खचत राहते आणि मुळांचा जीव गुदमरतो. अशा जागी झाड जगविणे हे कष्टाचे काम आहे.

‘उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते’ ही म्हण येथे सांगावी. १९७७ ते १९९४ ही वर्षे किती, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. उत्तर १७ येईल. ही दैना आपोआप फिटली की कोणी फेडली, असे मग विचारावे.

प्रत्यक्ष निरीक्षण

दहा दहा मुलांचे गट करावेत. पहिले निरीक्षण मातीचे. पायवाटेलगतचा पाचोळा काडीने किंचित बाजूला सारून खालची ओल, बुरशी व किडे पाहावेत. दुसरे सावलीचे. बाहेरील रस्त्यावरचे व दाट झाडीतले तापमान तापमापकाने मोजून नोंदवावे. तिसरे काठाचे. तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे दुरून दाखवावीत व भरती-ओहोटीशी त्यांचा संबंध समजावून द्यावा.

येथेच एखादा विद्यार्थी विचारील : “गुरुजी, बाग इतकी स्वच्छ, मग नदी अशी काळी का?” हा प्रश्न टाळू नये. सहलीचा खरा पाठ तोच होय. बागेस कुंपण घालता येते, नदीस घालता येत नाही. १८ किलोमीटरांत जे जे पाण्यात पडते, ते वाहत खाली येते. एक जमीन सुधारणे एका संस्थेस साधले. नदी सुधारण्यास तिच्या दोन्ही काठांवरील सर्वांचा हात लागतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व मिठीला महापूर आला. पात्र अरुंद होणे व त्यात भराव आणि कचरा साचणे यांमुळे पुराची तीव्रता वाढली, हे सांगावे.

एक पथ्य

धारावीविषयी हिणकस उद्गार निघू देऊ नयेत. टाकाऊ वस्तू वेचून, निवडून पुन्हा उपयोगात आणणारे असंख्य हात तेथे राबतात. त्यांनी निवडलेली वस्तू कचऱ्याच्या ढिगावर जात नाही. वर्गातील एखाद्या मुलाची आईही हेच काम करीत असेल. त्याची मान खाली जाता कामा नये.

परतल्यावर

दोन्ही खड्डे उघडून आढळलेला फरक लिहून घ्यावा. पुढील उदाहरणे सोडवून घ्यावीत :

१. ३७ एकर म्हणजे किती गुंठे? (१,४८०)
२. एक चौरस मीटर जागेवर ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्यास किती लिटर पाणी होईल? (९४४)

त्यानंतर मुलांनी आपल्या गावच्या ओढ्याकाठी फिरून, त्यात काय पडते व ते कोठून येते, याची यादी करावी. ती भिंतीवर लावून थांबू नये. मुख्याध्यापकांनी ती ग्रामपंचायतीपुढे ठेवावी. ओढा लहान आहे तोवर तो सुधारणे गावाच्या आवाक्यात असते.