बुडणे सोपे, वर येणे ही विद्या
(प्लॅस्टिकच्या पाणबुडीला रेडिओ नियंत्रण कसे बसवतात?)



प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा संच आणून पाणबुडी जोडली, रंगवली आणि काचेच्या कपाटात ठेवली की बहुतेकांचे काम संपते. तीच पाणबुडी पाण्यात सोडून रेडिओने चालवायची ठरवली, तर खरा अभ्यास तिथून सुरू होतो. आर्किमिडीजचे तत्त्व, घनता आणि दाब हे वर्गात वेगवेगळे शिकलेले धडे इथे एकाच वस्तूत भेटतात. हे काम कसे करतात ते आपण क्रमाने पाहू.

उदाहरणासाठी दुसऱ्या महायुद्धातील जर्मनीची 'टाइप सात-सी' ही पाणबुडी घेऊ. रेव्हेल कंपनीचा तिचा १/७२ प्रमाणाचा संच हौशी मंडळींमध्ये प्रसिद्ध आहे.

१. आधी गणित

मूळ पाणबुडीची लांबी ६७.१ मीटर होती. तिला ७२ ने भागले की प्रतिकृतीची लांबी सुमारे ९३ सेंटिमीटर येते. वजनाचे मात्र तसे नाही. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही ७२ पटींनी कमी होतात, म्हणून वजनाला ७२ × ७२ × ७२ म्हणजे ३,७३,२४८ ने भागावे लागते. मूळ पाणबुडी पृष्ठभागावर सुमारे ७६९ टन आणि बुडाल्यावर ८७१ टन पाणी बाजूला सारत असे. प्रतिकृतीसाठी हेच आकडे सुमारे २.०६ आणि २.३३ किलो होतात. एवढ्याशा फरकात सारा खेळ आहे.

२. कवच ओले, नळी कोरडी

संचाचे पातळ कवच जलरोधक करण्याच्या नादी लागू नये. जोड अनेक असतात आणि कुठून तरी पाणी शिरतेच. म्हणून उलट करतात. कवचावर जिथे पाणी जाण्याच्या फटी नुसत्या कोरलेल्या असतात, तिथे बारीक ड्रिलने छिद्रे पाडून कानशीने त्या मोकळ्या करतात. पाणी कवचात खुशाल येऊ-जाऊ द्यायचे.

कोरडी राहते ती आतली ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटची नळी. तिच्या दोन्ही टोकांना रबरी ओ-रिंग असलेली झाकणे बसवतात. बॅटरी, रिसीव्हर, मोटर आणि सुकाणू फिरवणाऱ्या छोट्या सर्व्हो मोटरी नळीत राहतात. पंख्याचा दांडा झाकणातून बाहेर येतो, तिथे रबरी सील आणि सिलिकॉन ग्रीस लागते.

या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. संचाच्या पॉलिस्टायरीन प्लॅस्टिकची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.०५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पाण्याइतकीच असते. त्यामुळे हवेत एक किलो भरणारे हे प्लॅस्टिक पाण्यात जेमतेम ५० ग्रॅमचे वाटते.

३. तोल

जड वस्तू खाली आणि हलक्या वर, हा नियम. शिशाचे तुकडे तळाशी चिकटवतात आणि बंद छिद्रांचा फोम वरच्या बाजूला. गुरुत्वमध्य खाली आणि उत्प्लावकतेचा मध्य वर राहिला, तर पाणबुडी कलंडली तरी पुन्हा सरळ होते. थर्माकोल वापरणार असाल तर सावध राहा. प्लॅस्टिक जोडण्याचा डिंक त्याला विरघळवून टाकतो. शिशाला हात लावल्यावर हात साबणाने धुवावेत.

४. पाण्याची टाकी

पृष्ठभागावरून खाली जाण्यासाठी वजन वाढवावे लागते. त्यासाठी नळीतच पिचकारीसारखी टाकी बसवतात. मोटरने दट्ट्या मागे ओढला की पाणी आत येते, पुढे ढकलला की बाहेर जाते. टाकी केवढी हवी? पाणबुडी तरंगत असताना तिचा जेवढा घन भाग पाण्याबाहेर असतो, त्याच्या आकारमानाएवढी. मधली पोकळी मोजायची नाही, कारण तिच्यात पाणीच शिरणार आहे.

पहिल्याच प्रयत्नात टाकी नसली तरी चालते. पाणबुडीचा फक्त मनोरा पाण्यावर राहील इतके वजन आधीच भरून ठेवायचे. मग वेगात पुढे जाताना आडव्या पात्या कलत्या केल्या की ती खाली जाते.

५. रेडिओ पाण्यात किती चालतो?

हल्लीचे बहुतेक रिमोट २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. या लहरी पाण्यात काही सेंटिमीटरांतच विरतात. म्हणून अँटेना मनोऱ्यात ठेवून तिचे टोक पाण्याबाहेर राखावे लागते. २७ किंवा ४० मेगाहर्ट्‌झच्या जुन्या पद्धतीच्या लहरी गोड्या पाण्यात एक-दोन मीटरपर्यंत पोचू शकतात. समुद्राचे खारे पाणी विजेचे वाहक असल्याने तिथे त्याही चालत नाहीत.

खऱ्या नौदलापुढेही हाच प्रश्न असतो. म्हणूनच बुडालेल्या पाणबुड्यांना संदेश पाठवण्यासाठी अतिशय कमी वारंवारतेच्या लहरी वापरतात. आपल्या नौदलाचे असे केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ 'आयएनएस कट्टबोम्मन' येथे आहे.

६. वर येण्याची हमी

हा या पाठाचा गाभा. पाणबुडी पूर्ण भरल्यावरही १५ ते २० ग्रॅमनी हलकीच ठेवावी. मग मोटर बंद पडो, बॅटरी संपो की रेडिओ तुटो, ती आपोआप वर येते. पण २० ग्रॅम म्हणजे २० मिलिलिटर, म्हणजे फक्त चार चहाचे चमचे पाणी! नळीत एवढे पाणी गळले की ही हमी संपली. टाकी असलेल्या पाणबुडीत रिसीव्हरला आणखी एक सूचना देऊन ठेवावी : संदेश तुटताच टाकी रिकामी करायची.

खोल जाताना फोम किंचित दबतो, त्याचे आकारमान घटते आणि पाणबुडी आणखी जड होते. म्हणून पहिले काही दिवस कमरेएवढ्या पाण्यापेक्षा खोल जाऊ नये.

७. चाचणीचा क्रम

(अ) नळीत कोरडा टिश्यू कागद ठेवून ती रात्रभर बादलीत दाबून ठेवा. सकाळी कागद कोरडाच निघाला पाहिजे.
(आ) मोठ्या टबात तोल जुळवा.
(इ) पहिली फेरी दोरी बांधूनच करा.
(ई) बॅटरी नळीबाहेर काढून, मोठ्यांच्या देखत चार्ज करा. निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी नवशिक्यांना बरी.

पालक आणि विश्वस्तांना विनंती

इलेक्ट्रॉनिक सुटे भाग आपल्या कोटीतल्या गुजराती गल्लीत पाहता येतील. संच महाग असतो, म्हणून एका मुलाने एक घेण्याऐवजी पाच-सहा जणांनी मिळून एक करावा, असे आम्हाला वाटते. शाळेने एक मोठा टब दिला तरी निम्मे काम शाळेतच होईल. एक नियम मात्र सर्वांनी पाळायचा : पाणबुडी तळाशी गेली, तर तिच्या मागे कोणत्याही मुलाने पाण्यात उतरायचे नाही. वस्तू पुन्हा करता येते.

खरी पाणबुडी आतून पाहायची असेल, तर विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर 'आयएनएस कुरसुरा' २००२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. सुट्टीत तिकडे गेलात, तर हा पाठ वाचून जा.

स्वाध्याय

१. कुरसुराची लांबी ९१.३ मीटर आहे. १/७२ प्रतिकृती किती लांब होईल?
२. एक मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅम जादा भार येतो. ८ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर किती?
३. पाण्याबाहेर राहणारे प्लॅस्टिक २१० ग्रॅम आहे. टाकी किती मिलिलिटरची हवी?

(उत्तरे : १. सुमारे १२७ सेंमी. २. सुमारे ५ किलो. ३. २०० मिलि.)