घर बघायचं ते पावसाळ्यात

पोरी, कोल्हापुरात फ्लॅट घ्यायचं ठरलंच असेल तर दिवाळीची वाट बघू नकोस, आषाढ-श्रावणात बघायला जा. उन्हाळ्यात इथली कुठलीही जागा चांगलीच दिसते. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. 2019 आणि 2021 ला पाणी 43 च्या कितीतरी वर गेलं होतं. म्हणून एजंटाला नको, कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्याला किंवा गिरणीवाल्याला विचार, ‘एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?’ तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.

पूररेषेचा नकाशाही बघून घे. निळ्या रेषेच्या आत पाऊल ठेवायचं नाही. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात अटी घालून बांधकामाला परवानगी मिळते. पण पाणी काही परवानगी बघून थांबत नाही. तुमचा तिसरा मजला कोरडा राहील, खाली मीटर, मोटार, गाड्या आणि जमिनीतली टाकी बुडालेली असेल. म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल घरात असताना वीज-पाण्याविना वर अडकून पडणं काय असतं, ते त्या गल्लीतल्या बायकांना विचार.

दुसरं, हद्द. महापालिका 1972 साली झाली आणि त्यानंतर कित्येक दशकं हद्दवाढ झालीच नाही. पाचगाव, उचगावकडे वस्ती वाढत गेली. जाहिरातीत ‘कोल्हापूर’ असतं, घरफाळा मात्र ग्रामपंचायतीला जातो. तिकडे घेऊ नये असं मी म्हणत नाही. पाचगावची बाजू उंचावर आहे. पण नळाला पाणी किती दिवसांआड येतं, एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो का, सांडपाणी कुठं जातं, हे तिथं राहणाऱ्यांकडून कळलं पाहिजे.

आता 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालंय. ‘भाव चढणार, आजच टोकन द्या,’ असं सगळे म्हणतील. घाई करायची नाही. महारेरात नोंदलेल्या प्रकल्पात नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला 10 टक्क्यांच्या वर रक्कम घेता येत नाही. कुणी मागितली तर तिथूनच मागं फिर. तयार फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र आधी, पैशाची बोलणी नंतर. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड आपल्या ओळखीच्या वकिलाकडून तपासून घे, बिल्डरच्या वकिलाकडून नव्हे.

आणि एक. खरेदी एकट्या बाईच्या नावावर झाली तर महाराष्ट्रात घराच्या मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. जावईबापूंशी आधीच मोकळेपणानं बोल आणि घर तुझ्या नावावर घे.